बेबीताई पुढे, मधू आतून

‘बेबीताई पुढे. मधू आतून येतोय. विजू मागे पडली. विजू अजूनच मागे.’

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे मिटलेले, दोन्ही मुठी डोळ्यांशी, दुर्बीण धरल्यासारख्या. त्यांच्या पाठीमागे बेबीआत्याच्या दिवाणखान्यात पाळण्याला झेंडूच्या माळा बांधायचं काम चाललं होतं, आणि ज्याचं बारसं होतं तो आत्याचा नातू त्या कामाला विरोध असल्यासारखा रडत होता. विजूमावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, बाबांना घुगऱ्यांची वाटी द्यायला गेली होती. ती वाटी तशीच हातात धरून माझ्याकडे परत आली.

‘भावोजी बोलतायत,’ ती म्हणाली.

‘कुणाशी?’

‘भिंतीशी. आणि मी मागे पडले म्हणतायत.’

आई उन्हाळ्यात गेली होती. आता गणपती होऊन गेले होते. मधल्या काळात घरातलं प्रत्येक माणूस बाबांवर लक्ष ठेवून होतं. दुःखाने माणसाचं काहीतरी होतं अशी सगळ्यांची समजूत होती, आणि बाबांचं काहीच होत नव्हतं. ते रोज दाढी करत, शर्टाला स्वतः इस्त्री करत, शनिवार-रविवारी रेसकोर्सवर जात. नातेवाईक थोडे निराशच झाले होते म्हणायला हरकत नाही. त्यामुळे बाबा भिंतीशी बोलतात ही बातमी त्या घरात पेढ्यांच्या आधी वाटली गेली.

माझे वडील, रमाकांत कारखानीस, पुण्याच्या रेसकोर्सवर कॉमेंटेटर होते. स्टँडच्या सगळ्यात वर, छपराला चिकटून एक छोटी खोली होती. तिथे दुर्बीण आणि मायक्रोफोन घेऊन ते बसत आणि कुठला घोडा पुढे, कुठला मागे, कोण आतल्या बाजूने सरकतोय हे न अडखळता इंग्रजीत सांगत. माझ्या जन्माच्या आधीपासून ते हे करत होते. गावात त्यांना चेहऱ्याने कुणी ओळखायचं नाही, पण भाजीवाल्याकडे ‘पाव किलो गवार’ म्हटलं की बाजूचा माणूस वळून बघायचा.

त्या आवाजाने दोन रविवारांपूर्वी एक अघटित केलं होतं. एका शर्यतीत त्यांनी सुरुवातीपासून सात घोड्यांची कॉमेंटरी केली, आणि घोडे आठ होते. आठवा सगळ्यांच्या पुढे होता. तो आरामात जिंकला. बाबांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. दुसऱ्या आलेल्या घोड्याला त्यांनी विजेता म्हणून जाहीर केलं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी आपापली तिकिटं फाडून फेकली, जिंकलेलीसुद्धा. मग फलकावर खरा निकाल लागला, आणि सभ्य, सुटाबुटातली माणसं गुडघ्यांवर बसून हिरवळीवर तुकडे शोधू लागली. आमचे दाताचे डॉक्टर रांगत होते. मी वरून पाहिलं.

क्लबचे सेक्रेटरी, कर्नल बिलिमोरिया, यांनी बाबांना डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी घारीची नजर आहे असं लिहून दिलं. त्यावर कर्नल म्हणाले की मग तर प्रकरण जास्त गंभीर आहे. बारशाच्या दिवशी, शनिवारी सकाळी त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं: या आठवड्यात शनिवार आणि रविवार, दोन दिवस. एकही घोडा सुटला, तर मायक्रोफोन बंगलोरहून आलेल्या नेव्हिलकडे जाईल. नेव्हिल हा शांत, घामट तरुण. तो खोलीत बाबांच्या शेजारी बसणार आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या मायक्रोफोनचा खटका असणार. एकही घोडा सुटला की त्याने खटका दाबायचा.

शनिवार नीट गेला. बाबांनी सगळे घोडे सगळ्या शर्यतींत सांगितले. मी कॉलेजातून सुट्टी काढून त्यांच्या मागे स्टुलावर बसले होते. आत्याचा तसा हुकूम होता. तिथूनच आम्ही स्कूटरवरून बारशाला आलो होतो. आणि आता रविवारच्या मोठ्या शर्यतीची उजळणी करताना ते सापडले होते.

स्वयंपाकघरात सभा भरली. बेबीआत्या बाबांची थोरली बहीण. कडक, गोरी, कुणाच्याही घरात स्वतःच्या घरासारखी वावरणारी; आणि हे तर तिचंच घर होतं. ती म्हणाली की ओळखीचे एक मनाचे डॉक्टर आहेत, सोमवारी नेऊ. मधूकाका, बाबांचा धाकटा भाऊ, दारातल्या वेताच्या खुर्चीत बसला होता. तो कुठेही गेला की आधी खुर्ची शोधायचा आणि मग यजमान.

‘मी काय करतोय म्हणाला दादा?’ त्याने विचारलं.

‘आतून येताय,’ मावशी म्हणाली.

‘कुठे?’

ते कुणालाच माहीत नव्हतं. मधूकाकाने खुर्चीत जरा सावरून बसून आपण कुठून कुठे येत असू याचा विचार केलेला दिसला, आणि तो विचार त्याला दमवणारा वाटला.

शेवटी आत्याच गेली. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तिने मऊ आवाजात विचारलं, ‘रमू, मी पुढे आहे का रे?’

बाबांनी डोळे उघडले. मागे सगळं बारसं थांबलं होतं. पाळण्याजवळच्या बायका, माळा हातात धरलेली पोरं, आणि बाळसुद्धा रडायचं थांबलं होतं.

मग त्यांना सांगावं लागलं. इतकी वर्षं त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. लांबून घोडे ओळखू येत नाहीत, ओळखायचं ते जॉकीच्या अंगावरच्या रंगांवरून. रंग घोड्याचे नसतात, मालकाचे असतात. घोडे येतात आणि जातात, मालकाचे रंग वर्षानुवर्षं तेच राहतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी रंग पाठ होईनात, म्हणून बाबांनी एकेका रंगाला घरातलं एकेक माणूस देऊन टाकलं. हिरव्यावर पिवळे ठिपके म्हणजे बेबीताई, कारण तिने बाबांच्या मुंजीत, का कुणाच्या तरी मुंजीत, तसं लुगडं नेसलं होतं. तपकिरी जॅकेट आणि काळी टोपी म्हणजे मधू, त्याच्या स्वेटरमुळे. लाल-पांढऱ्या चौकड्या म्हणजे विजू. आईला बघायला गेले तेव्हा दाराआडून डोकावणाऱ्या मुलीचा तो फ्रॉक. मनात माणूस धावतं आणि तोंडातून घोड्याचं नाव येतं. आजवर त्यात कधी गफलत झाली नव्हती.

वेड लागलेलं नाही हे कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

‘मी मागे का पडते?’ विजूमावशीने विचारलं.

‘तू नाही गं. घोडा.’

‘पण घोडा मीच ना?’

बेबीआत्याला तिचे घोडे आजवर किती वेळा जिंकले ते हवं होतं. बाबांनी आठवून सांगितलं की पुष्कळदा. ती मान ताठ करून पाळण्याकडे गेली. नगरच्या जावयांना, म्हणजे बाबांच्या चुलतबहिणीच्या यजमानांना, कळलं की ते पिवळ्या पट्ट्यात धावतात आणि नेहमी मध्येच घुसून दुसऱ्यांची वाट अडवतात. ते म्हणाले की कुणीतरी बाबांचे कान भरले आहेत. शेजारचे प्रधान आपण त्यात आहोत यानेच इतके भारावले की त्यांनी कितवे येतो हेही विचारलं नाही. मधूकाका एवढंच म्हणाला, ‘दादा, तपकिरी घोड्यांना धावायची आवड आहे का?’ बाबा म्हणाले, फारशी नाही. काका समाधानाने मागे टेकला.

‘आणि शालूताई?’ मावशीने माझ्या आईबद्दल विचारलं. ‘ताईचा कुठला रंग?’

‘चहा झाला का बघतो,’ असं म्हणून बाबा आत गेले. आत्याच्या घरी त्या वेळी चहा होणार नव्हता, हे त्यांना आणि मलाही माहीत होतं.

बाळाचं नाव काय ठेवलं ते जाताना निम्म्या लोकांना आठवत नव्हतं. उद्या रेसकोर्सवर जायचं हे मात्र सगळ्यांचं ठरलं होतं. आमच्या घरात बाबांची नोकरी सोडली तर रेसचं कुणी नाव काढत नसे, आत्या तर तो जुगार आहे म्हणायची. आता ती म्हणाली की स्वतःवर पैसे लावणं हा जुगार कसा होईल.

रविवारी सकाळी बाबांना चहाचं बोलावणं होतं. शिरीनबाई पोचखानवाला यांच्याकडे. कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्यावर आम्ही स्कूटरने गेलो. त्यांना सांभाळणाऱ्या हिरामायने फाटक उघडलं. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर शाल, पायाशी एक म्हातारं कुत्रं. दोघांनाही आता फारसं दिसत नव्हतं. बाबांच्या पावलांचा आवाज येताच त्यांनी हात पुढे केला.

‘रमाकांत, तू माझ्यावर रागावला काय?’

बाबा नाही म्हणाले.

‘मग? सात वरसांनी माझा घोडा जिंकला. हिरामाय माझ्या कानात ओरडते, बाई, आपला पेपर बोट आला. मी बोलली, गप बस, रमाकांत तर नाव पण नाय घेत, कसा आला? कप आणून मांडीवर ठेवला तेव्हा मी मानली.’

दोन रविवारांपूर्वीचा तो आठवा घोडा, पेपर बोट, यांचा होता. मला तेव्हा कळलं. मी बाबांकडे पाहिलं. ते बशीतल्या बिस्किटाकडे बघत होते.

शिरीनबाई रागावलेल्या नव्हत्या. त्या नुसतं सांगत होत्या, आणि ते जास्त कठीण होतं.

‘डोळ्याने मला आता काय दिसत नाय. घोडा धावते ते मी तुझ्या तोंडाने बघते. तू नाव नाय घेतला, तर माझा घोडा धावलाच नाय ना रे?’

मागे दिवाणखान्यात भिंतीवर त्यांच्या जॉकीचं जुनं जॅकेट काचेत लावलेलं दिसत होतं. राखाडी रेशीम, गुलाबी बाह्या. असा राखाडी आणि गुलाबी मी कुठेतरी एकत्र पाहिला होता. कुठे ते त्या वेळी आठवलं नाही.

‘आज आहे तो मोठ्या शर्यतीत,’ बाई म्हणाल्या. ‘जिंकनार नाय, मला माहीत आहे. ते सगले मोठे घोडे. पहिला नको. कुठे आहे तेवढा सांग.’

‘सांगेन,’ बाबा म्हणाले.

परत येताना मी मागच्या सीटवरून विचारलं, का नाही घेतलं नाव?

‘दिसला नाही.’

‘डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे.’

‘डॉक्टरांनी अक्षरं दाखवली होती,’ बाबा म्हणाले, आणि गिअर बदलला.

दुपारी आमचे नातेवाईक रेसकोर्सवर आले. आत्याने खरोखरच हिरवी साडी नेसली होती. तिथल्या खिडक्यांवर काय करायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि मावशीने नंतर सांगितलं त्यावरून आत्याने खिडकीतल्या माणसाला सरळ ‘बेबीवर द्या’ असं म्हटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘बाई, नंबर बोला’ म्हणालं. पिवळे ठिपके कुणाचे हे विचारत विचारत तिने नंबर मिळवला. मावशीने चौकड्यांवर लावले. जावयांनी, कान भरले असूनही, पिवळ्या पट्ट्यावर लावले. प्रधानांनीही स्वतःवर लावले आणि तिकीट शर्टाच्या वरच्या खिशात, दिसेल असं ठेवलं. मधूकाकाने मात्र बेबीआत्यावर लावले.

‘स्वतःवर नाही?’ मावशीने विचारलं.

‘मी मला ओळखतो,’ तो म्हणाला आणि खुर्ची शोधायला गेला.

वर खोलीत नेव्हिल खटक्याजवळ हात ठेवून बसला होता. आधीच्या शर्यती व्यवस्थित झाल्या. बाबांचा आवाज नेहमीसारखा, कोरडा, घाई नसलेला. मोठ्या शर्यतीआधी घोडे समोरून सावकाश स्टार्टकडे जाऊ लागले आणि बाबा दुर्बिणीतून एकेकाचं नाव सांगू लागले. टेम्पल बेल. स्लो मार्च. रेड सिग्नल. राखाडी-गुलाबी जॅकेट समोरून गेलं तेव्हा त्यांनी दुर्बीण खाली करून काचा पुसायला घेतल्या. काचा स्वच्छ होत्या. नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, जिथे पहिल्या रांगेत एक शाल आणि शेजारी हिरामाय दिसत होती.

शर्यत सुटली.

पहिलं वळण येईपर्यंत बाबांनी सात नावं घेतली. मी मोजत होते. नेव्हिलही मोजत असावा, कारण त्याचं बोट खटक्यावर आलं. राखाडी जॅकेट सगळ्यांच्या मागे, बरंच मागे, एकटं धावत होतं. बाबांची दुर्बीण त्याच्यावर होती. ते म्हणाले, ‘अँड पेपर’ आणि थांबले.

कॉमेंटरी थांबली की रेसकोर्स किती मोठं आहे ते कळतं. हजारो माणसं आणि लाउडस्पीकरमधून नुसती खरखर. घोडे पळतायत आणि ते कोण आहेत हे कुणी सांगत नाही. मला बाबांच्या मानेची शीर दिसत होती. मला वाटलं, संपलं.

मग बाबांनी दीर्घ श्वास घेतला आणि मराठीत सुरू केलं.

‘पुढे बेबीताई. बेबीताई एका लांबीने पुढे. तिच्यामागे प्रधान. नगरचे जावई मध्ये घुसलेत, नेहमीप्रमाणे. विजू चौथी. मधू आतून येतोय, पण घाई करत नाहीये. आणि शालू. शालू सगळ्यांत मागे.’

खाली स्टँडमध्ये काय झालं ते मावशीने नंतर पुष्कळ वर्षं प्रत्येक लग्नात सांगितलं. आधी कुणालाच काही कळलं नाही. पुणेकर माणसं हातातल्या पुस्तिकेत बेबीताई शोधू लागली. एका गृहस्थाने शेजाऱ्याला विचारलं की प्रधान कितव्या नंबरचा. मग बेबीआत्या बाकावर चढली आणि आजूबाजूच्या लोकांना म्हणाली, ‘ती मी.’ प्रधानांनी खिशातलं तिकीट काढून सगळ्यांना दाखवलं. आणि एकदा कळल्यावर, म्हणजे अमुक रंग म्हणजे अमुक माणूस एवढं कळल्यावर, लोकांना त्यात काही गैर वाटेना. निम्मा स्टँड बेबीताईसाठी ओरडू लागला. ज्यांचे पैसे विजूवर होते ते तिला नावं ठेवू लागले. विजूमावशीने एकाला सुनावलं की तुम्ही धावून दाखवा.

बाबा बोलतच होते. एकही रंग सुटत नव्हता. प्रधान दमलेत, प्रधान मागे. जावयांनी विजूची वाट अडवलीये. आणि दर दोन वाक्यांनी, जिथे काहीच घडत नव्हतं तिथलं: शालू मागे. शालू आपल्या चालीने. शालू वळणावर आली.

शेवटच्या सरळ पट्ट्यात बेबीताई आघाडीवर होती. मग तपकिरी जॅकेट, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आतल्या कठड्याला लागून, आळसावून उठल्यासारखं पुढे आलं.

‘मधू,’ बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. ‘मधू पुढे. मधू जिंकला. बेबीताई दुसरी. जावई तिसरे.’

इथे कॉमेंटरी संपते. पहिले तीन-चार आले की कॉमेंटेटर मायक्रोफोन बंद करतो. मागच्यांचं कुणाला पडलेलं नसतं. लोक खिडक्यांकडे धावायला लागलेले असतात. बाबांनी मायक्रोफोन बंद केला नाही.

‘विजू आली. प्रधान आले,’ ते म्हणाले. मग उरलेले दोन. मग काहीच नाही, नुसता रिकामा हिरवा पट्टा, आणि त्यावर लांब एक राखाडी ठिपका.

‘शालू अजून येतेय. राखाडी जॅकेट, गुलाबी बाह्या. जॉकीने चाबूक वापरलेला नाही, गरज नाही. शालू येतेय. शंभर यार्ड राहिलेत. येऊ दे सावकाश.’

लोक उभे राहिले होते. खिडक्यांकडे कुणी गेलं नव्हतं. मला डोळ्यांसमोर मावशीचं कपाट आलं: तिने नेलेल्या आईच्या साड्यांच्या चळतीत, खालून दुसरी, एक राखाडी रेशमी साडी, तिचा गुलाबी काठ. कुठे पाहिलं होतं ते आठवलं.

‘शालू आली,’ बाबा म्हणाले. आणि मायक्रोफोन बंद केला.

नेव्हिलचं बोट अजून खटक्यावर होतं. कर्नल बिलिमोरिया जिना चढून वर आले तेव्हा तसंच होतं. ते धापा टाकत होते. त्यांनी आधी नेव्हिललाच विचारलं, तू दाबला का नाहीस?

‘सर, एकही घोडा सुटला तर दाब म्हणाला होतात,’ नेव्हिल म्हणाला. ‘त्यांनी एकही सोडला नाही.’

कर्नलनी टेप मागवून ऐकली. त्यांना मराठी बेताचंच येत होतं, म्हणून मी बाजूला उभी राहून कोण कोण ते सांगत होते. नगरच्या जावयांपाशी त्यांनी टेप थांबवून विचारलं की हे खरंच असे आहेत का. मी हो म्हटलं. क्रम पहिल्यापासून आठव्यापर्यंत बिनचूक होता. चूक एकच होती, की त्यात घोडा एकही नव्हता.

एवढ्यात खालून निरोप आला. पैसे द्यायच्या खिडकीवर काही लोक मधूचा भाव विचारतायत, आणि एक हिरव्या साडीतल्या बाई म्हणतायत की त्या स्वतः दुसऱ्या आल्या आहेत. ताबडतोब खुलासा करायला हवा होता. कर्नलनी नेव्हिलला सांगितलं. नेव्हिल म्हणाला की त्याला बेबी कोण आणि प्रधान कोण हे माहीत नाही. ते माहीत असलेला माणूस तिथे एकच होता.

म्हणून बाबांनी पुन्हा मायक्रोफोन उघडला. कर्नल त्यांच्या डोक्याशी उभे होते. बाबांनी इंग्रजीत, नेहमीच्या आवाजात खुलासा केला. गेल्या शर्यतीत उल्लेख झालेला मधू हा घोडा नसून तो स्लो मार्च, क्रमांक पाच, आहे. बेबीताई म्हणजे टेम्पल बेल. नगरचे जावई म्हणजे सनी स्ट्राइप. ते एकेक करत खाली आले. विजू. प्रधान. आणखी दोन. मग ते क्षणभर थांबले. कर्नल घड्याळाकडे बघायला लागले होते.

‘शालू,’ बाबा म्हणाले, ‘म्हणजे पेपर बोट. क्रमांक आठ. मालकीण, श्रीमती शिरीन पोचखानवाला. पेपर बोट शेवटी आला.’

पहिल्या रांगेत शालीतून एक हात वर आला. कुठल्या दिशेला हलवायचा हे न कळून तो आकाशाकडे हलत होता.

कर्नलनी टोपी डोक्यावर ठेवली. ‘कारखानीस, पुढच्या शनिवारी,’ ते म्हणाले. ‘इंग्लिशमध्ये.’ आणि जिना उतरून गेले. मायक्रोफोन पुढे बाबांनी स्वतःहून सोडेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला, आणि तो घेतला नेव्हिलनेच. नेव्हिल रंग कसे लक्षात ठेवायचा हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही. तो एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा प्रत्येकाच्या कपड्यांकडे जरा जास्तच वेळ बघत होता एवढं खरं.

बेबीआत्याने मधूकाकाशी महिनाभर अबोला धरला. तो जिंकला याचं तिला काही नव्हतं. स्वतः जिंकून त्याने तिच्यावर लावलेले पैसे बुडवले, हा तिला बहिणीचा अपमान वाटत होता. काका म्हणायचा, मी तर खुर्चीत होतो.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी बूट काढले आणि नेहमीच्या जागी ठेवले. मी चहा टाकला. मग मी विचारलं ते असं, की सगळ्यांना रंग आहेत, नगरच्या जावयांनासुद्धा. मग माझा कुठला?

‘तुला नाही दिला,’ बाबा म्हणाले.

‘का?’

‘रंग दिला की तो मागे पडलेला बघवत नाही. आणि मला सगळं बघावं लागतं.’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘तुझ्या आईला दिला तेव्हा लग्न नवीन होतं. हे कुठे कळत होतं?’

या फेब्रुवारीत बाबा गेले. तेराव्याला बेबीआत्या आली होती. तिला आता दोघींनी धरून आणावं लागतं. जाताना तिने मला जवळ बोलावून विचारलं, रमूला कुठला रंग दिलास. परवा फोनवरही तेच विचारत होती. रेसचा सीझन सुरू झाला आहे, मी एकदा जाऊन बसून आले, पुस्तिकेत सगळे रंग छापलेले असतात.

अजून कुठलाच दिलेला नाही.